बेयाझितचा मनोरा: जळत्या शहरावरचा पहारा

इस्तंबूलचं चित्र म्हटलं की गलाता बुरूज डोळ्यांसमोर येतो. पण शहराची कहाणी समजून घ्यायची तर खाडीपलीकडे, विद्यापीठाच्या आवारात उभ्या असलेल्या ८५ मीटर उंचीच्या बेयाझित मनोऱ्याकडे आधी बघावं, असं मला ठामपणे वाटतं. हा मनोरा शत्रूवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला नाही. तो बांधला आगीसाठी.

ऑटोमन इस्तंबूल लाकडाचं होतं. मशिदी आणि बाजार दगडी, पण सामान्य माणसाची घरं लाकडी. त्यालाही कारण होतं: लाकडी घर स्वस्तात आणि लवकर उभं राहतं, शिवाय भूकंपात दगडी घरापेक्षा कमी जीवघेणं ठरतं. गल्ल्या अरुंद, वरचे मजले पुढे आलेले, हिवाळ्यात घरोघरी निखाऱ्यांच्या शेगड्या आणि वर ईशान्येचा वारा. एक ठिणगी पडली की मोहल्लेच्या मोहल्ले जात. १६६० च्या आगीत तर शहराचा मोठा भाग बेचिराख झाला.

आग विझवायला संघटित दल मिळालं ते १७२० च्या सुमारास. दावूद नावाच्या, इस्लाम स्वीकारलेल्या फ्रेंच माणसाने हातपंप बनवला आणि तो चालवणाऱ्या तुलुंबाजींची तुकडी जनिसरी या सुलतानाच्या खास पायदळ फौजेत उभी राहिली. खांद्यावर पंप घेऊन धावत सुटायचं, असं ते काम. टेहळणीसाठी लाकडी मनोराही बांधला गेला. तो १७५६ च्या जिबालीच्या आगीत स्वतःच जळाला. नंतरचा मनोराही लाकडीच होता. क्रिकोर बाल्यान या आर्मेनियन वास्तुविशारदाने तो बांधला होता.

मग आलं १८२६. सुलतान महमूद दुसरा याने जूनमध्ये जनिसरींचं बंड तोफांनी चिरडलं आणि ती फौजच बरखास्त केली. सैन्य आधुनिक करायचं तर दुसरा मार्ग उरला नव्हता, असं इतिहासकार सांगतात आणि ते पटतंही. पण शहराचे बंबवाले त्याच फौजेतले होते! लाकडी मनोरा त्याच धामधुमीत गेला, अनुभवी हात एका फटक्यात नाहीसे झाले आणि ऑगस्टमध्ये होजापाशा भागात आग भडकली. तिने दाट वस्ती तर गिळलीच, खुद्द वझीराच्या कचेरीलाही सोडलं नाही. राज्यकर्त्यांचा निर्णय सामान्य माणसाच्या छपरापर्यंत कसा पोचतो, हे या दोन महिन्यांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

त्यानंतर १८२८ मध्ये महमूदने नवा मनोरा बांधवला, आणि या वेळी दगडाचा. काम क्रिकोरचा भाऊ सेनेकेरीम याच्याकडे होतं. जागा निवडली जुन्या राजवाड्याच्या आवारात, जिथे आता नव्या सैन्याच्या सरसेनापतीचं ठाणं होतं. म्हणून त्याला सेरास्केर मनोरा असंही म्हणत.

१८४९ मध्ये वर आणखी मजले चढले आणि प्रत्येकाला कामावरून नाव मिळालं: पहाऱ्याचा, इशाऱ्याचा, टोपल्यांचा, निशाणाचा. टोपल्यांचा मजला ऐकायला नवल वाटेल, पण यंत्रणा तिथेच होती. दिवसा धूर दिसला की बाहेर टोपल्या टांगायच्या, रात्री दिवे. त्यांच्या मांडणीवरून आग शहराच्या कोणत्या बाजूला आहे ते कळे. त्याच वेळी मनोऱ्यावरचे निरोपे जिने उतरून धावत सुटत आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत हाळी देत. ती ऐकून मोहल्ल्यांचे तुलुंबाजी पंप उचलत. एकमेकांच्या आधी पोचण्याची त्यांच्यात जबरदस्त चुरस असे.

पण मनोरा फक्त बघू शकत होता. १८७० मध्ये पेरा भाग जळाला, तेव्हा हे पुन्हा कळलं. त्यानंतर हंगेरीच्या काउंट ओडोन सेचेनी यांना बोलावून १८७४ मध्ये शिस्तबद्ध अग्निशमन दल उभं करण्यात आलं. ते पुढे पाशा झाले आणि १९२२ मध्ये इस्तंबूलमध्येच वारले.

साम्राज्य गेलं, सेनापतीचं ठाणं विद्यापीठाचं झालं. मनोऱ्याचे दिवे मात्र आजही रात्री रंग बदलतात, आता हवामानासाठी: निळा म्हणजे निरभ्र, हिरवा म्हणजे पाऊस, पिवळा म्हणजे धुकं आणि लाल म्हणजे बर्फ.