एक्स्टर्नल हार्ड डिस्क: फॉरमॅटची निवड आणि बिघाड झाल्यास घ्यायची काळजी

हार्ड डिस्क घेताना ती किती टीबीची आहे हे प्रत्येक जण पाहतो; ती कोणकोणत्या यंत्रांना जोडायची आहे, हा प्रश्न मात्र बहुधा एखादी फाइल कॉपी होत नाही तेव्हाच पुढे येतो. फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत; तो बदलताना साधारणपणे संपूर्ण डिस्क रिकामी करावी लागत असल्याने हा निर्णय डिस्क कोरी असतानाच घ्यावा, असे आम्ही सुचवतो. (१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसते, यात फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.)

फॅट३२ हा १९९६ पासूनचा फॉरमॅट जवळजवळ प्रत्येक यंत्राला वाचता येतो, परंतु त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही. डिस्कवर शेकडो जीबी जागा मोकळी असूनही मोठा व्हिडिओ नाकारला जातो, तो या मर्यादेमुळे. डिस्क नादुरुस्त झालेली नसते. एनटीएफएस हा विंडोजचा स्वतःचा फॉरमॅट असून तो होऊ घातलेल्या बदलांची आधी नोंद ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी डिस्कवरील फाइलींची रचना सहसा सावरली जाते. मॅकवर मात्र अशी डिस्क नुसती वाचता येते. तिच्यावर लिहायचे झाल्यास वेगळे सॉफ्टवेअर लागते. २००६ साली आलेला एक्सफॅट विंडोज आणि मॅक या दोन्हींवर वाचता-लिहिता येतो आणि त्याला ४ जीबीची अडचणही नाही, परंतु त्यात बदलांची नोंद ठेवली जात नसल्याने कॉपी सुरू असताना केबल ओढल्यास नुकसान होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून केवळ विंडोज वापरणाऱ्यांनी एनटीएफएस घ्यावा; दोन्हीकडे काम असणाऱ्यांनी एक्सफॅट घ्यावा आणि प्रत्येक वेळी डिस्क ‘इजेक्ट’ करूनच काढावी. फक्त मॅकसाठी एपीएफएस आणि फक्त लिनक्ससाठी ईएक्सटी४ योग्य ठरतो.

डिस्क संगणकावर दिसेनाशी झाली, तर सर्वप्रथम केबल बदलून पाहावी आणि मधला हब काढून डिस्क थेट संगणकाला जोडावी. लहान आकाराची डिस्क लागणारी वीज यूएसबीमधूनच घेते, यूएसबी २.० पोर्टकडून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० कडून ९०० मिलिअँपिअर मिळतात, त्यामुळे कमकुवत पोर्टवर ती नुसती सुरू-बंद होत राहते. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सुविधेत ती दिसत असेल आणि तिला (D:, E: असे) ड्राइव्हचे अक्षर दिलेले नसेल, तर ते देताच बहुतेकदा काम भागते.

‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश आला आणि आत महत्त्वाची माहिती असेल, तर तो कृपया स्वीकारू नये. या संदेशाचा अर्थ विंडोजला फाइलींची रचना ओळखता आली नाही, एवढाच असतो. माहिती अनेकदा जागेवरच असते. अशा वेळी घाईने ‘चेकडिस्क’ हे डिस्क तपासण्याचे विंडोजचे साधन चालवण्याचीही सवय असते. दुरुस्तीच्या पर्यायासह चालवल्यास ते डिस्कवर बदल लिहिते, आणि मुळात डिस्कच खराब होत असेल, तर उरलेली माहितीही त्यात जाऊ शकते. म्हणून आधी जेवढे वाचता येते तेवढे दुसऱ्या डिस्कवर उतरवावे, दुरुस्ती त्यानंतर करावी.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असल्यास ती ताबडतोब बंद करावी आणि पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक वेळी आतील पृष्ठभागाला अधिक इजा होऊ शकते. बाहेरची केस उघडून आतली डिस्क दुसऱ्या केसमध्ये बसवण्याचा प्रयोगही करू नये. काही मॉडेलांत केसमधील सर्किटच माहिती सांकेतिक स्वरूपात साठवते, आणि त्या सर्किटाशिवाय ती वाचता येत नाही.

आमच्याकडे दुरुस्तीसाठी डिस्क आणताना तिची मूळ केबल सोबत असावी. डिस्कवर बिटलॉकर (माहिती सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेले असल्यास तिचा पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की घरून शोधून ठेवावी. या दोन्हींपैकी एकही नसेल, तर डिस्क दुरुस्त होऊनही आतली माहिती आम्हाला उघडता येणार नाही.