स्लॅपडी हाताने चालवायच्या आधी एवढं वाचा

आमच्याकडे ओपनएलडॅपचा सर्व्हर देखभालीला असलेल्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. एलडॅप काय असतं, युजरचं झाड कसं असतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतोय. सर्व्हिस रुसली की बरेच जण टर्मिनल उघडून रूटने थेट स्लॅपडी (ओपनएलडॅपचा मुख्य सर्व्हर प्रोग्रॅम) चालवतात, ते लगेच चालतं, सगळे खूश, आणि पुढच्या रीबूटला सर्व्हिस उठतच नाही. मग आम्हाला फोन येतो की "काहीच बदललं नव्हतं हो".

बदललेलं असतं. एलडॅपचं पोर्ट ३८९, आणि १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला साधारणपणे रूट लागतो. म्हणून सर्व्हिस स्लॅपडीला रूट म्हणून सुरू करते, तो पोर्ट उघडतो आणि लगेच रूटपण सोडून साध्या युजरवर उतरतो. हा युजर डेबियन-उबुंटूत ओपनएलडॅप नावाचा, रेडहॅट घराण्यात नुसता एलडॅप. कोणत्या युजरवर उतरायचं हे डॅश यू ने सांगायचं असतं, ग्रुप डॅश जी ने. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये हे आधीच लिहिलेलं असतं. तुम्ही हाताने चालवताना ते विसरता आणि स्लॅपडी शेवटपर्यंत रूटच राहतो.

आता गंमत अशी की त्या वेळी काहीच चुकत नाही, कारण रूटला सगळ्या फाईली वाचता येतात, लॉगिन होतात, सर्च चालतो. पण तेवढ्यात तुम्ही कॉन्फिगमध्ये एखादी गोष्ट बदलली, समजा लॉग लेव्हल वाढवली, तर स्लॅपड डॉट डी (कॉन्फिगची डिरेक्टरी) मधली ती फाईल नव्याने लिहिली जाते आणि तिचा ओनर होतो रूट, परमिशन ६००, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचताही येत नाही. नंतर सर्व्हिस आपल्या साध्या युजरने ती उघडायला जाते आणि परमिशन डिनाइड म्हणून बसते. पिड फाईलचं (चालू स्लॅपडीचा प्रोसेस नंबर ठेवणारी फाईल) तसंच, किल डॅश ९ ने मारलात तर रूटच्या मालकीची पिड फाईल मागे राहते आणि पुढचा स्लॅपडी तीच उघडता येत नाही म्हणून रडतो. रिकाम्या डेटाबेसमध्ये रूटने स्लॅपअ‍ॅड (फाईलमधून डेटा भरायची कमांड) केलंत तर अख्खी डेटा फाईलच रूटची होते. डेबियनवाल्यांनी तर स्लॅपइंडेक्समध्ये (इंडेक्स पुन्हा बांधायची कमांड) रूटने चालवताय म्हणून वॉर्निंगच टाकून ठेवलीय, इतके लोक यात अडकतात.

त्यामुळे हाताने चालवायचंच असेल तर रूटने सुरू करा, पण डॅश यू आणि डॅश जी द्याच. स्लॅपटेस्ट (कॉन्फिग तपासायची कमांड), स्लॅपअ‍ॅड, स्लॅपइंडेक्स ही मंडळी पोर्ट उघडत नाहीत, त्यांना रूट लागतच नाही, ती सुडो लावून सरळ त्या युजरच्या नावाने चालवा. स्लॅपअ‍ॅड आणि स्लॅपइंडेक्सच्या वेळी सर्व्हिस बंद हवी. टाईप करायच्या पूर्ण ओळी तुमच्या हँडओव्हर शीटवर तुमच्याच सर्व्हरच्या पाथसकट आहेत, तिथून कॉपी करा, इंटरनेटवरून नको, तिथे निम्म्या ठिकाणी जुन्या कॉन्फिग फाईलचा पाथ असतो.

डीबगला डॅश डी. हा लावला, अगदी ० देऊन लावला तरी, स्लॅपडी बॅकग्राउंडला जात नाही, टर्मिनलवरच राहतो. म्हणजे विंडो बंद केली की स्लॅपडी पण गेला. संध्याकाळी लॅपटॉप मिटून घरी गेलात आणि सकाळी कुणाचं लॉगिन होत नाही, हे प्रकरण बहुतेक वेळा एवढंच असतं (क्लायंटवर कॅश चालू असेल तर सकाळी पण कळत नाही, जरा उशिरा कळतं). लेव्हल कोणती द्यायची, तर रोजच्या कामाला २५६, कोण आलं काय शोधलं ते दिसतं. अ‍ॅक्सेस अडतोय वाटलं तर १२८. दोन्ही हवं तर बेरीज करून ३८४. उगाच -१ देऊ नका, इतका मजकूर वाहतो की कामाची ओळ निसटून जाते.

डॅश एच मध्ये कुठे ऐकायचं ते यूआरएल द्यायचे, सगळे मिळून एकाच कोटात. काहीच दिलं नाही तर फक्त साधा एलडॅप उघडतो, एलडॅप-आय चं (त्याच मशीनवरून जोडायचं) सॉकेट उघडत नाही, आणि मग कॉन्फिग बदलायची नेहमीची कमांड "सर्व्हरशी संपर्क होत नाही" म्हणते. सर्व्हर समोर चालू दिसतोय आणि कमांड नाही म्हणतेय, यात लोकांचा तासभर सहज जातो.

एरर ९८, अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज, म्हणजे बहुतेक आधीचा स्लॅपडी जिवंत आहे. सर्व्हिस आधी थांबवा. त्याच डेटावर दुसऱ्या पोर्टला दुसरा स्लॅपडी उभा करू नका प्लीज. हाताने चालवलेला बंद करायचा तर कंट्रोल-सी किंवा किल डॅश आय-एन-टी, तो हातातलं काम आवरून जातो. डॅश ९ नको.

काही जण विचारतात की तुम्ही स्लॅपडी कायमचा रूटनेच का नाही चालवत, कटकटच संपेल. संपेल, पण मग स्लॅपडीमध्ये कुणी भोक पाडलं तर त्याला अख्खं मशीन मिळतं, आणि या सर्व्हरवर तुमच्या सगळ्यांचे पासवर्ड हॅश आहेत. आम्ही ते करून देणार नाही, दुसरं कुणी देत असेल तर तुमची मर्जी. आणि परमिशन ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, करून टाकणं हा पण उपाय नाही, ते आम्हाला पुन्हा निस्तरावं लागतं आणि तो वेळ बिलात लागतो.

देखभाल करारात असलेल्यांच्या सर्व्हरवर आम्ही एक छोटी स्क्रिप्ट ठेवतो, ती सर्व्हिस थांबवते, बरोबर युजरने डीबगमध्ये स्लॅपडी चालवते, आणि तुम्ही बंद केलंत की फाईलींचे ओनर तपासून सर्व्हिस परत सुरू करते. करार नसेल तरी वेगळी बसवून देतो, विचारा.

आधीच अडकला असाल तर हाताने सुरू केलेला स्लॅपडी नीट बंद करा, कॉन्फिग डिरेक्टरी, डेटा डिरेक्टरी आणि रन डिरेक्टरी या तिन्हींमधल्या फाईलींचे ओनर बघा, रूट दिसला तिथे युजर परत लावा, मग सर्व्हिस सुरू करा. तरी उठली नाही आणि हाताने मात्र उठते, तर उबुंटूवर अ‍ॅपआर्मर आणि रेडहॅटवर एसईलिनक्सचा लॉग बघा (प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा ते ठरवणाऱ्या सुरक्षा यंत्रणा या), हाताने चालवताना त्यांचे नियम नेहमी तसेच लागू होतात असं नाही. आम्हाला फोन करायच्या आधी डॅश डी चं आउटपुट पहिल्या ओळीपासून पाठवा, शेवटच्या चार ओळींचा स्क्रीनशॉट नको, त्यात फक्त "स्लॅपडी स्टॉप्ड" एवढंच असतं.