ले आमाँ द्यु पाँ नफ (फ्रेंच सिनेमा, १९९१)

लेओस काराक्सचा पॅरिसमधल्या बेघर माणसांवरचा सिनेमा, नावाचा अर्थ साधारण 'पाँ नफवरचे प्रेमी'. पाँ नफ म्हणजे शब्दशः नवा पूल, पण पॅरिसमध्ये सेन नदीवर आज उभ्या असलेल्या पुलांत तोच सगळ्यात जुना, काम १५७८ ला सुरू झालं आणि १६०७ च्या सुमारास पुरं झालं. सिनेमात तो दुरुस्तीसाठी बंद आहे आणि तिथे तिघं राहतात : तोंडातून आग काढून दाखवणारा आलेक्स (दनी लावाँ), दृष्टी जात चाललेली चित्रकार मिशेल (ज्युलिएट बिनोश) आणि म्हातारा हान्स, ज्याच्याकडच्या औषधाच्या काचेच्या कुप्यांशिवाय आलेक्सला झोपच लागत नाही.

सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय ते सेटबद्दल. खऱ्या पुलावर शूटिंगची परवानगी १९८८ च्या उन्हाळ्यातल्या थोड्याच दिवसांची होती, रात्रीच्या सीनसाठी दक्षिणेत माँपेलिएजवळ लांसार्ग इथे साधा सेट उभारायचा असं ठरलेलं, पण तेवढ्यात लावाँच्या हाताला दुखापत झाली, परवानगीची मुदत हुकली, मग दिवसाचे सीनही सेटवरच करायचे म्हणून पूल आणि काठावरच्या इमारती सगळंच वाढवत न्यावं लागलं, पैसे संपले, काम थांबलं, प्रोड्युसर बदलले आणि सिनेमा पुरा व्हायला १९९१ उजाडलं. तोवरचा सर्वात महागडा फ्रेंच सिनेमा असं बऱ्याच ठिकाणी म्हणतात, पण खर्चाचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे 'सर्वात महागड्यांपैकी एक' म्हणणंच बरं. खऱ्या पुलाची मोठी दुरुस्ती सुरू झाली ती नंतर, १९९४ च्या सुमारास.

इतका पैसा ओतून गरिबी सुंदर करून दाखवली, हा आक्षेप तेव्हापासून आहे. त्यात तथ्य आहे, १९८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीची आतषबाजी आणि सेनवरचं वॉटर-स्कीइंग बघताना भूक विसरायला होतं. पण सुरुवातीला आलेक्सला रस्त्यावरून उचलून नांतेरच्या निवाऱ्यात नेतात, तिथली माणसं खरीखुरी बेघर आहेत, कॅमेरा त्यांच्या अंगावरून नजर हटवत नाही, ते बघितलं की हा आक्षेप पुरा पटत नाही.

प्रेमही इथे गोड नाहीच. मिशेलचे डोळे बरे होऊ शकतात अशी पोस्टर मेट्रोत लागतात आणि आलेक्स ती जाळत सुटतो, कारण तिला दिसायला लागलं तर ती जाईल. त्या आगीत पोस्टर लावणारा माणूस मरतो, आलेक्सला तुरुंग होतो. याउलट हान्स तिला रात्री म्युझियममध्ये नेतो आणि मेणबत्तीच्या उजेडात रेम्ब्रांटचं चित्र दाखवतो, पुरतं आंधळं व्हायच्या आधी तिला ते बघायचं असतं. हान्सवर फारसं कुणी लिहिलेलं नाही. भूमिका केली होती क्लाउस मिखाएल ग्र्युबर यांनी, ते मुळात जर्मन नाट्यदिग्दर्शक.

काराक्सचं मूळ आडनाव द्युपाँ, म्हणजे 'पुलाचा'. याचा सिनेमाशी संबंध जोडणारे आहेत, तो योगायोग मानलेला बरा. नायकाचं आलेक्स हे नाव मात्र काराक्सचं स्वतःचंच मूळ नाव आहे.

१९९२ च्या युरोपियन फिल्म पुरस्कारांत बिनोशला अभिनयासाठी आणि जाँ-इव्ह एस्कोफिएला छायाचित्रणासाठी पुरस्कार मिळाला. अमेरिकेत थिएटरमध्ये रीतसर लागायला १९९९ उजाडलं.