सगळ्यात मोठा पक्ष म्हणजे सरकार त्याचंच? नेदरलँड्सचं गणित बघा

युरोपातल्या निवडणुका झाल्या की एक मेसेज फिरतोच: "पहिल्या नंबरच्या पक्षाला बाजूला ठेवून हरलेल्यांनी सरकार बनवलं, जनादेश चोरला." असं वाटणं साहजिक आहे, टीव्हीवर पहिला नंबर म्हणजे जिंकला असंच दाखवतात.

पण नेदरलँड्स घ्या. तिथल्या कनिष्ठ सभागृहात 150 जागा, मतं देशभरची एकत्र मोजतात आणि त्या प्रमाणात जागा वाटतात, साधारण 0.67 टक्के मतं मिळाली की एक जागा पक्की, त्यामुळे हल्ली दहा-पंधरा पक्ष सहज आत येतात आणि 1918 पासून ही पद्धत आहे तरी एकट्याच्या जिवावर बहुमत अजून कुणालाच जमलेलं नाही. मोठ्या पक्षाला बोलणीत पहिला चान्स देतात तो प्रथा म्हणून, पंतप्रधानपद त्याचंच असं राज्यघटनेत कुठेच नाहीये.

1977 चं उदाहरण तर भारीच. पहिला पक्ष 53, दुसरा 49, तिसरा 28. पहिल्या-दुसऱ्याची बोलणी महिनोन्महिने चालली, शेवटी फिसकटली, मग 49 आणि 28 वाले एकत्र आले, झाले 77, आणि 53 वाले विरोधी बाकांवर. सरकार बनेपर्यंत 208 दिवस गेले! 53 वाले चिडले असतील तर नवल नाही, पण नियम कुठलाच मोडला नव्हता.

तपासायचं असेल तर अधिकृत निकालातल्या जागा घ्या, सरकारातल्या पक्षांची बेरीज करा आणि 76 होतात का बघा. कमी भरल्या तर ते अल्पमतातलं सरकार, मग बाहेरून पाठिंबा कोण देतंय ते शोधायचं.