व्हर्च्युअलबॉक्स अपग्रेड केलं आणि आतली एक्सपी उघडेना? काही डिलीट करण्याआधी हे वाचा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचे बरेच ग्राहक प्रेस, डीटीपी आणि लग्नपत्रिकांच्या धंद्यातले आहेत. पीसी नवा, त्यावर विंडोज 11, आणि तिच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका पीसीच्या आत दुसरा, आभासी पीसी चालवणारा प्रोग्राम) विंडोज एक्सपी, अशी मांडणी त्यांच्याकडे असते. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पानं जुळवायचं पेजमेकर 7 आलं 2001 साली, त्यापुढे ते वाढलं नाही. मराठी फॉन्टचं डोंगलवालं (यूएसबीत लावायच्या किल्लीशिवाय न चालणारं) जुनं पॅकेजही त्याच काळातलं. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी बंद केला, पण गिऱ्हाईक मात्र अजून येऊन म्हणतं, "थोरल्या मुलीची पत्रिका केली होती ना, तशीच धाकटीची करा." ती जुनी फाइल उघडायला एक्सपीच लागते.

मग एक दिवस "नवी आवृत्ती उपलब्ध आहे" अशी खिडकी येते, कामाच्या गडबडीत कुणीतरी ती दाबतं, आणि दुसऱ्या दिवशी एक्सपी उघडत नाही.

घाबरू नका. तुमची एक्सपी, तिच्यातले फॉन्ट, पत्रिका, अहवाल, सगळं व्हीडीआय नावाच्या फाइलीत असतं. अपग्रेड करताना बदलतो तो व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम आणि त्याने विंडोजमध्ये बसवलेले ड्रायव्हर. व्हीडीआय फाइल जागच्या जागी राहते. आमच्याकडे आलेल्या अशा कामांमध्ये डेटा अपग्रेडमुळे गेला असं जवळपास नसतंच. तो जातो त्यानंतर घाबरून केलेल्या साफसफाईत.

आधी कॉपी, मग दुरुस्ती

व्हर्च्युअलबॉक्स बंद करा. सी ड्राइव्हमध्ये "युजर्स", त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात "व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स" नावाचं फोल्डर सापडेल. ते पूर्ण उचलून बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. नुसती व्हीडीआय नको, अख्खं फोल्डर. पेनड्राइव्हवर कॉपी करताना "फाइल फार मोठी आहे" असा निरोप आला, तर पेनड्राइव्ह खराब नाही. तो फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, मग आत 50 जीबी रिकामी का असेना. पेनड्राइव्हवरचं काढून घ्या आणि तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

कॉपी होईपर्यंत दोन गोष्टींना हात लावू नका. पहिली, व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतल्या मशीनच्या (म्हणजे आतल्या एक्सपीच्या) नावावर राइट-क्लिक करून येणारं "रिमूव्ह". त्यात "डिलीट ऑल फाइल्स" दाबलं की व्हीडीआयसकट सगळं जातं. दुसरी, आतलं "स्नॅपशॉट्स" (मशीनच्या त्या त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी) फोल्डर. त्यातल्या लांबलचक आकडी नावांच्या फाइली कचरा वाटतात, पण तुमचं अलीकडचं सगळं काम त्यांच्यातच असू शकतं. याबद्दल पुढे सविस्तर.

इन्स्टॉलच अर्धवट थांबलं असेल तर

व्हर्च्युअलबॉक्स 7 बसवताना मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज आधी लागतं. ते नसेल तर इन्स्टॉलर तसं सांगून बंद पडतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ते घ्या, बसवा, पुन्हा सुरुवात करा. "पायथॉन सापडलं नाही" अशीही एक सूचना येते. ती प्रोग्रामरांसाठी आहे; "येस" म्हणून पुढे जा. इन्स्टॉल होताना इंटरनेट क्षणभर तुटतं, कारण नेटवर्कचे ड्रायव्हर बदलले जातात. म्हणून त्या वेळी बँकेचा व्यवहार किंवा जीएसटीचा रिटर्न उघडा ठेवू नका. जागा वाचवायला प्रोग्राम डी ड्राइव्हवर टाकायची सवय असलेल्यांना नव्या आवृत्त्या "इन्स्टॉलेशनची जागा चालत नाही" असं सांगतात. प्रोग्राम सी ड्राइव्हवर जिथे जातो तिथेच जाऊ द्या. जागा खातात त्या व्हीडीआय फाइली, आणि त्या डी ड्राइव्हवर सुखाने राहतात.

इन्स्टॉल झाल्यावर पीसी रीस्टार्ट करा, मागितलं नाही तरी करा. मशीन सुरू करताना 1908 हा आकडा दिसला तर व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ ड्रायव्हर बसलेला नाही किंवा चालू झालेला नाही, असा त्याचा अर्थ. रीस्टार्ट करूनही तो येत असेल तर इन्स्टॉलरवर राइट-क्लिक करून "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर"ने पुन्हा बसवा. शेवटी 80004005 असलेला आकडा मात्र जवळजवळ प्रत्येक बिघाडात दिसतो. तो घेऊन फोन केलात तर आम्हाला काहीच कळत नाही. त्याच खिडकीत वरच्या बाजूला जी ओळ असते, ती वाचून दाखवा.

"सेव्ह्ड" लिहिलेलं मशीन

हा प्रकार सर्वात जास्त दिसतो. संध्याकाळी दुकान बंद करताना एक्सपी शट डाउन न करता खिडकीच्या फुलीवर क्लिक करून "सेव्ह द मशीन स्टेट" निवडलेलं असतं. सकाळी सगळं होतं तसं मिळतं, म्हणून सवय लागते. पण ही साठवलेली अवस्था त्या वेळच्या आवृत्तीच्या हिशेबाने लिहिलेली असते, आणि नव्या आवृत्तीला ती कधी कधी वाचता येत नाही.

आत न जतन केलेलं काम नसेल तर "डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट" करा. चालू पीसीची वीज जावी एवढाच त्याचा परिणाम. डिस्क शाबूत राहते. एक्सपी उघडताना निळ्या पडद्यावर डिस्क तपासत बसली तर बसू द्या, मध्येच बंद करू नका. आणि पेजमेकरमध्ये एखादा अर्धा अंक उघडा राहिला असेल, तर काही डिस्कार्ड न करता व्हर्च्युअलबॉक्सची जुनी आवृत्ती परत बसवून पाहा. अधिकृत साइटवर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात. मशीन उघडलं की काम सेव्ह करा, एक्सपी स्टार्ट मेनूतून रीतसर शट डाउन करा, आणि मग पुन्हा अपग्रेड.

उघडतं, पण गोगलगायीसारखं चालतं

खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे बारीक चिन्हं असतात. तिथे हिरवं कासव दिसतंय का पाहा. (थट्टा नाही, व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांनी खरोखरच कासव ठेवलंय.) प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची (पीसीच्या आत पीसी चालवायची) सोय विंडोजच्या स्वतःच्या, त्याच कामाच्या हायपर-व्हीने आधीच धरून ठेवली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावं लागतंय, असं ते सांगतं.

इथे दोष बहुतेकदा व्हर्च्युअलबॉक्सच्या अपग्रेडचा नसतोच. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा अनेकांनी पीसी बदलला किंवा त्यावर विंडोज 11 कोरी बसवून घेतली, आणि त्याच वेळी व्हर्च्युअलबॉक्सही नवं घेतलं. नव्याने बसवलेल्या विंडोज 11 मध्ये "मेमरी इंटेग्रिटी" हे संरक्षण सहसा सुरूच असतं, आणि ते हायपर-व्हीच्याच आधारावर चालतं.

बंद करायचं तर दोन जागा बघाव्या लागतात. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटेग्रिटीचं बटण. आणि "टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ" या यादीत हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म, विंडोज सँडबॉक्स यांच्यापुढच्या खुणा. मग रीस्टार्ट. घरातलं कुणी त्याच पीसीवर डॉकर किंवा डब्ल्यूएसएल (प्रोग्रामरांची साधनं) वापरत असेल तर त्याचं काम अडेल, तेव्हा आधी विचारा.

आमचा सल्ला असा: मेमरी इंटेग्रिटी हे फुकटचं आणि चांगलं संरक्षण आहे. त्याच पीसीवर बँकेचं काम होत असेल आणि पेजमेकर कासव असूनही बऱ्यापैकी चालत असेल, तर कासवाला राहू द्या. पान सरकवताना अक्षरं मागाहून उमटू लागली, तरच बंद करायचा विचार करा.

मशीन अजिबात सुरू होत नसेल आणि निरोपात व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही असा उल्लेख असेल, तर टास्क मॅनेजर उघडा, "परफॉर्मन्स"मध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि "व्हर्च्युअलायझेशन"पुढे काय लिहिलंय ते पाहा. "डिसेबल्ड" असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करावं लागतं. इंटेलवर त्याचं नाव इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एएमडीवर एसव्हीएम मोड. डिसेंबर 2019 मध्ये आलेल्या 6.1 पासून या सोयीशिवाय व्हर्च्युअलबॉक्स चालतच नाही. आधीच्या आवृत्तीवर चालत होतं आणि आता नाही, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

डोंगल दिसत नाही

एक्सपी उघडली, पेजमेकरही उघडलं, पण मराठी पॅकेज म्हणतंय "लॉक सापडत नाही". मशीन बंद करून सेटिंग्जमध्ये यूएसबीवर जा. कंट्रोलर 3.0 निवडलेला असेल तर तो 2.0 किंवा 1.1 करा, एक्सपीकडे यूएसबी 3 चे ड्रायव्हर नाहीत. मग डोंगल लावून उजवीकडच्या अधिक चिन्हाने त्याचा फिल्टर टाका, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर डोंगल आपोआप आत जाईल. अपग्रेडनंतर पीसी रीस्टार्ट केला नसेल तर यादीत डोंगलपुढे "बिझी" दिसतं. तेव्हा आधी रीस्टार्ट.

पूर्वी यूएसबी 2.0 साठी एक्स्टेन्शन पॅक (व्हर्च्युअलबॉक्सला वेगळी बसवायची पुरवणी) लागायचा. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या 7.0 पासून ही सोय मूळ प्रोग्राममध्येच आहे. एक्स्टेन्शन पॅक बसवलेला असेल तर त्याची आवृत्ती व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्तीशी जुळती हवी, नाहीतर तो बंद पडतो. आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं: मूळ प्रोग्राम मोफत आहे, पण एक्स्टेन्शन पॅक मोफत आहे तो घरगुती आणि शैक्षणिक वापरासाठी. धंद्यात वापरायचा तर ओरॅकलचा परवाना विकत घ्यावा लागतो. प्रेसला बहुधा त्याची गरजच नसते, म्हणून आम्ही तो काढून टाकतो.

पडदा लहान, माउस अडकलेला

माउस आत अडकला तर कीबोर्डवरचं उजवीकडचं कंट्रोल दाबा, बाहेर येतो. पडदा एकदम 640 बाय 480 चा झाला असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स कंट्रोलर बदललेला असण्याची शक्यता आहे. एक्सपीसाठी व्हीबॉक्सव्हीजीए ठेवा, मग खाली "चुकीची सेटिंग" असा इशारा दिसला तरी. तिथेच असताना स्टोरेजमध्ये मात्र काही "सुधारू" नका. आयडीईवर (डिस्क जोडायची जुनी पद्धत) बसवलेल्या एक्सपीची डिस्क साटावर (नवी पद्धत) नेली की सुरू होतानाच निळा पडदा येतो आणि त्यावर 7बी हा आकडा असतो. परत आयडीईवर आणली की उघडते.

गेस्ट अ‍ॅडिशन्स (एक्सपीच्या आत बसवलेले व्हर्च्युअलबॉक्सचे मदतनीस ड्रायव्हर) लगेच नव्या टाकायची घाई नको. जुन्या बहुतेक वेळा चालत राहतात. शेअर्ड फोल्डर उघडत असेल आणि पीडीएफ बाहेर येत असेल तर तिथेच थांबा.

काहीच जमलं नाही तर: त्याच डिस्कवर नवं मशीन

नवं मशीन तयार करा, प्रकार विंडोज एक्सपी 32-बिट, आणि डिस्क विचारल्यावर नवी न बनवता "एक्झिस्टिंग" निवडून तुमची व्हीडीआय दाखवा. बिघाड मशीनच्या सेटिंगमध्ये असेल तर एक्सपी अशी उघडते. एक्सपीने पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू नये म्हणून नेटवर्कचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) जुन्या मशीनचाच लिहा.

पण हे करण्याआधी स्नॅपशॉट्स फोल्डर उघडून बघा. त्यात व्हीडीआय फाइली असतील, तर मुख्य व्हीडीआय ही पहिला स्नॅपशॉट घेतला त्या दिवसाची स्थिती आहे. त्यानंतरचा प्रत्येक बदल स्नॅपशॉटच्या फाइलींत लिहिला गेला आहे. मुख्य फाइलीवर नवं मशीन उभं केलं तर दोन वर्षांपूर्वीची एक्सपी उघडेल, आणि ती एकदा उघडून तिच्यात काही लिहिलं गेलं की वरचे स्नॅपशॉट तिच्याशी जुळत नाहीत. मग ते परत जोडणं फार अवघड. स्नॅपशॉट असतील तर हा उपाय घरी करू नका. त्याऐवजी मशीनच्या फोल्डरमध्ये व्हीबॉक्स-प्रीव्ह शेपटीची फाइल असते, ती म्हणजे सेटिंगची आधीची प्रत. मूळ सेटिंग फाइल बाजूला ठेवून या प्रतीला तिचं नाव दिलं की कधी कधी सगळं स्नॅपशॉटांसकट परत येतं.

पुढच्या वेळी

लग्नसराईत, दिवाळी अंकाच्या तोंडावर किंवा निवडणुकीच्या प्रचारपत्रकांच्या दिवसांत अपग्रेड करू नका. आत फक्त एक्सपी चालत असेल आणि तिचं इंटरनेट बंद असेल (ते बंदच हवं, नेटवर्कमध्ये "नॉट अटॅच्ड" निवडा), तर प्रत्येक नव्या आवृत्तीमागे धावायची गरज नाही. वर्षातून एकदा, कामाचा जोर नसताना, आधी कॉपी करून आणि एक्सपी पूर्ण शट डाउन करून अपग्रेड केलं की पुरतं.

दुकानात येणार असाल तर पीसी, डोंगल आणि कॉपी केलेली हार्ड डिस्क आणा. मॉनिटर नको. फोनवर विचारायचं असेल तर मशीनच्या नावावर राइट-क्लिक करून "शो लॉग" उघडा, ती फाइल सेव्ह करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि अपग्रेडच्या आधी कोणती आवृत्ती होती ते लिहा. पडद्याचा फोटो काढलात तर निरोपातली "डीटेल्स"ची पट्टी उघडून काढा.