मीटरने कधी बोलायचं? गाडीतून पाण्याची मीटरं वाचण्याची पार्श्वभूमी

टपावर चुंबकाने चिकटवलेली बोटभर अँटेना, सीटशेजारी रिसीव्हरचा डबा, समोर टॅबलेट. पाण्याची मीटरं गाडीतून वाचायची व्यवस्था दिसायला एवढीच असते. ती नव्याने बसवणाऱ्याचे प्रश्नही याच तीन वस्तूंभोवती फिरतात: अँटेना टपावर नेमकी कुठे, वीज कुठून, गाडी किती वेगाने न्यायची. यांची बरीचशी उत्तरं मीटरच्या टोकाला आधीच ठरून गेलेली असतात, आणि ती ठरली चाळीसएक वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका वादात. मीटरने हाक आल्यावर बोलायचं, की कोणी ऐको न ऐको, बोलतच राहायचं?

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. पाण्याची मीटरं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली आणि पुढची शंभर वर्षं डोळ्यांनीच वाचली गेली. थंड प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून मीटर तळघरात बसवत. घर बंद असलं की रीडर परत फिरायचा आणि सरासरीचं बिल निघायचं. यावर पहिला उपाय म्हणून मीटरचा आकडा तारेने बाहेरच्या भिंतीवर आणला गेला. १९६०च्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून आकडा मागवण्याचे प्रयोग झाले. १९८०च्या दशकात भिंतीवरच्या किंवा चेंबरच्या झाकणातल्या चकतीला कांडी टेकवून आकडा घेणारी उपकरणं आली. चालत जाणं सुटलं नाही, पण हाताने आकडा उतरवण्यातल्या चुका टळल्या.

एक गोष्ट मात्र या इतिहासात सहसा गाळली जाते: रेडिओ यायच्या आधी डायल बदलावी लागली. साधी सोय पल्सची होती. चाकाबरोबर चुंबक फिरतो, रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच) उघडझाप करतो आणि प्रत्येक उघडझापीला मॉड्यूल, म्हणजे मीटरला जोडलेला इलेक्ट्रॉनिक डबा, आपल्या गणतीत एक मिळवतं. म्हणजे मॉड्यूलला डायलवरचा आकडा ठाऊकच नसतो. बसवताना जो आकडा भरून दिला, त्यावर ते मोजत जातं. तार तुटली, किंवा कोणी बाहेरून जोरकस चुंबक लावला, की डायल एक सांगते आणि रेडिओ दुसरंच. एन्कोडर नावाची डायल आल्यावर चाकांची प्रत्यक्ष जागाच वाचता येऊ लागली. आजही गाडीतून आलेला आकडा आणि डायल यांत फरक निघाला, तर संशयाची सुई आधी अँटेनाकडे वळते. वास्तविक रेडिओवरून आलेला संदेश तपासणीच्या बिटांतून पार झाल्यावरच स्वीकारला जातो. तो एक तर नीट येतो किंवा येतच नाही. चुकीचा आकडा आला असेल तर चूक बहुधा डायल आणि मॉड्यूल यांच्यामधल्या वीतभर तारेत असते.

रेडिओला रान मोकळं झालं ते १९८५मध्ये. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा, आणखी दोन पट्ट्यांबरोबर, स्प्रेड स्पेक्ट्रम, म्हणजे संकेत रुंद पट्ट्यावर पसरून पाठवण्याच्या, पद्धतीने परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. (पुढे वाय-फाय त्याच निर्णयाच्या वाटेने आलं.) रेडिओ मॉड्यूल लावलेली मीटरं त्याच दशकात दिसू लागली. वीज आणि गॅसवाले पुढे होते, पाणीवाले मागे, आणि याला कारण होतं. विजेच्या मीटरला वीज शेजारीच मिळते. पाण्याचं मीटर जमिनीखालच्या चेंबरमध्ये, कधी बुडालेलं, वर ओतीव लोखंडाचं झाकण. तिथे सगळा संसार एका बॅटरीवर.

वाद पेटला तो या बॅटरीवरून.

पहिली विचारसरणी हाकेची, जिला या क्षेत्रात ‘वेक-अप’ म्हणतात. मीटर झोपलेलं असतं. ठरावीक काळाने क्षणभर कान उघडतं. गाडीतून एक विशिष्ट सूर प्रसारित होतो, तो ऐकू आला की मीटर जागं होऊन आपला क्रमांक आणि आकडा सांगतं आणि पुन्हा झोपतं. कागदावर हे फार देखणं दिसतं: महिन्यातून एकदा गाडी येणार, महिन्यातून एकदाच बोलायचं. पण कान उघडायलाही वीज लागते, आणि तो दिवसरात्र उघडावा लागतो. त्यात बाजूच्या कुठल्या प्रक्षेपकाने चुकून उठवलं की फुकट बडबड. सूर झाकणाखाली पोचायचा तर गाडीतला ट्रान्समीटर जोरकस हवा. त्यासाठी परवान्याची वेगळी फ्रिक्वेन्सी, वेगळी अँटेना आणि गाडीच्या बॅटरीवरून थेट वीज. म्हणून त्या काळी एक व्हॅन कायमची याच कामासाठी सजवलेली असे. शिवाय दाट वस्तीत हाक दिली की शेकडो मीटरं एकदम उठत आणि एकमेकांवर ओरडत.

दुसरी विचारसरणी ‘बबल-अप’. पाण्यातून बुडबुडे यावेत तसा मीटरमधून दर काही सेकंदांनी एक छोटा संदेश वर येत राहतो. मीटरला कान नाहीतच, फक्त तोंड. मॉड्यूल स्वस्त, गाडीत फक्त रिसीव्हर, परवाना नको.

हिशेब पाहिला तर ही पद्धत उधळी वाटते. काही प्रचलित मॉड्यूलं साधारण १४ सेकंदांनी बोलतात. म्हणजे दिवसाला सहा हजारांवर आणि वर्षाला सुमारे साडेबावीस लाख संदेश. त्यातले बिलासाठी लागतात बारा. तरीही ती जिंकली, कारण एक संदेश काही मिलिसेकंदांत संपतो आणि मधला सगळा वेळ मॉड्यूल जवळजवळ शून्य विजेवर पडून असतं. लिथियम थायोनिल क्लोराइडची ३.६ व्होल्टची बॅटरी नुसती ठेवली तरी वर्षाकाठी साधारण एक टक्काच झिजते. दहा, पंधरा, काही ठिकाणी वीस वर्षांचं आयुष्य या दोन गोष्टींवर उभं आहे.

टकरीचा प्रश्न इथेही आहेच. १९७०च्या सुमारास हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडताना हे गणित मांडलं गेलं होतं: ज्याने त्याने वाटेल तेव्हा बोलायचं ठरवलं तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. मीटरांचे संदेश इतके छोटे की तेवढी गर्दी क्वचित होते. त्यातून दोन मीटरं तालात येऊन पुन्हा पुन्हा आदळू नयेत म्हणून मधलं अंतर मुद्दाम थोडं कमीजास्त ठेवतात.

माझं मत विचाराल तर वेक-अपचा पराभव तंत्रापेक्षा खर्चाने झाला, आणि त्याबरोबर गेलेल्या गोष्टीची नोंद फारशी कोणी घेतली नाही. ऐकू न येणाऱ्या मीटरला प्रश्न विचारता येत नाही. परवा रात्री दोन वाजता पाणी वाहत होतं का, हे बबल-अप मीटरला विचारायची सोयच उरली नाही. पुढे मॉड्यूलच्या आत तासागणिक नोंदी साठवायची युक्ती आली, संदेशात गळती, उलटा प्रवाह, कित्येक दिवस शून्य वापर अशा खुणा आल्या. साठवलेल्या नोंदी हव्या असतील तेव्हा मात्र मीटरला कान द्यावाच लागला. मागच्या दाराने वेक-अप परत आलं, फक्त त्याला ते नाव राहिलं नाही.

युरोपात हाच पेच वेगळ्या शब्दांत मांडला गेला. २००५ साली तिथे मीटरांच्या बिनतारी संवादाचं प्रमाणक निघालं, त्यात पद्धतींना अक्षरं दिली होती. ‘एस’ म्हणजे एका जागी बसलेल्या रिसीव्हरसाठी, दिवसातून मोजक्या वेळा बोलणारी. ‘टी’ म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, वरचेवर बोलणारी. म्हणजे वाचणारा चालता आहे की स्थिर, हे मीटर विकत घेतानाच ठरवायचं. टी पद्धतीचं प्रसारण ८६८.९५ मेगाहर्ट्झवर होतं आणि तिथल्या नियमाने त्या पट्ट्यात ०.१ टक्क्यापेक्षा जास्त वेळ बोलता येत नाही, तासाला ३.६ सेकंद. सतत बोलणाऱ्या मीटरलाही ही मर्यादा पुरून उरते.

बॅटरी वाचवण्यासाठी काही ठिकाणी आणखी एक पाऊल टाकलं गेलं: मीटरने कामाच्या दिवशी, कामाच्या वेळातच बोलायचं. नवीन उपकरण गाडीवर चढवून रविवारी चाचणीला निघालेल्याला एकही मीटर सापडत नाही आणि तो रिसीव्हर परत पाठवतो, ते यामुळे. मीटरमधलं घड्याळही वर्षाला काही मिनिटं सरकतं. दहा वर्षांच्या मीटरचे सकाळचे आठ आपल्या आठांशी जुळतीलच असं नाही.

गाडीचा वेग १४ सेकंदांच्या त्या आकड्यातूनच निघतो. समजा मीटर शंभर मीटरवरून ऐकू येतं. गाडी त्याच्या जवळून सरळ गेली तर दोनशे मीटरचा पट्टा मिळतो. ताशी ३० किलोमीटरला तो पार करायला २४ सेकंद लागतात, म्हणजे एक संदेश नक्की, कदाचित दोन. ताशी ६० ला बाराच सेकंद. मीटर नेमकं तेव्हा गप्प असू शकतं. लोखंडी झाकणाखाली शंभर मीटर विसराच. म्हणूनच झाकणाला भोक पाडून अँटेना वर काढणं किंवा झाकणच फायबरसारख्या साहित्याचं बसवणं हे खर्चिक काम रेडिओबरोबर आलं, आणि गाडीच्या उपकरणाच्या खरेदीपत्रात ते कधीच दिसत नाही.

टपाचा मुद्दाही तसाच. या फ्रिक्वेन्सींची तरंगलांबी ३३ ते ३५ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा आठेक सेंटिमीटर. अँटेना बोटभर असते ती त्यामुळे. तिचा उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा. टपाच्या मधोमध लावली तर चारही बाजूंना सारखं ऐकू येतं, कडेला किंवा सामानाच्या कॅरियरशेजारी लावली तर एका बाजूची घरं गळतात. टप काचेचा किंवा फायबरचा असेल तर खाली पत्र्याचा तुकडा द्यावा लागतो. ट्रान्समीटर गेल्यावर उपकरण सुटकेसमध्ये मावू लागलं, कुठल्याही गाडीत ठेवता येऊ लागलं आणि वीज लायटरच्या सॉकेटमधून घेतली जाऊ लागली. त्याच सॉकेटमध्ये शेजारी फोनचा भिकार चार्जर खोचला की त्याच्या गोंगाटात दूरची मीटरं बुडतात. सजवलेल्या व्हॅनच्या काळात ही तक्रार कमी असावी यात नवल नाही.

मे २०००मध्ये जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली गेली आणि शंभरेक मीटरची अचूकता दहा-वीस मीटरवर आली. तोवर चालक पत्त्यांच्या यादीच्या क्रमाने जात असे. त्यानंतर नकाशावर ठिपके आले, वाचलेले वेगळ्या रंगात, आणि राहिलेल्या गल्लीत पुन्हा वळायचं की नाही हे गाडीतच कळू लागलं. अनुभवी चालकांची जागा या ठिपक्यांनी घेतली असं म्हणतात. कुठल्या चेंबरवर नेहमी गाडी उभी असते हे मात्र ठिपका सांगत नाही.

आता नावाचा घोळ. या सगळ्याला ‘ऑटोमॅटिक मीटर रीडिंग’ म्हणतात, पण त्यात एक माणूस गाडी चालवत असतो. ‘मोबाइल रीडिंग’ म्हणावं तर ऐकणाऱ्याला फोन आठवतो. ‘स्मार्ट मीटर’ म्हणावं तर जाणकार हरकत घेतात, कारण त्यांच्या लेखी दुतर्फा संवाद असेल तरच ते स्मार्ट. यात सर्वांत महागात पडणारा शब्द निघाला ‘दूरवरून’. युरोपात २०१८ साली ऊर्जेविषयीच्या नियमांत दुरुस्ती झाली. २५ ऑक्टोबर २०२० नंतर बसवलेली उष्णतेची आणि गरम पाण्याची मीटरं दूरवरून वाचता येणारी असावीत, आणि जुनी, खर्च परवडत असेल तिथे, १ जानेवारी २०२७ पर्यंत तशी करावीत. दूरवरून म्हणजे किती दूर? दुरुस्तीच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे की घरात न शिरता वाचता आलं पाहिजे. चालत किंवा गाडीतून वाचणं यात बसतं का, ते ज्या त्या देशाने ठरवावं. सगळा वाद ज्या शब्दावर होता, तोच शब्द उघडा सोडला. वर १ जानेवारी २०२२ पासून अशा मीटरांच्या ग्राहकांना किमान दरमहा माहिती द्यायची अट. वर्षातून एक फेरी मारणाऱ्या गाडीचं गणित त्या एका ओळीने बिघडलं. थंड पाण्याच्या मीटरांना हे लागू नसलं, तरी एकाच इमारतीत दोन्ही असल्यावर कोण दोन पद्धती सांभाळणार?

सतत बोलणाऱ्या मीटरचं दुसरं टोक २०१२मध्ये समोर आलं. टीव्हीसाठीचा स्वस्त यूएसबी डोंगल साध्या रेडिओ रिसीव्हरसारखा वापरता येतो हे त्याच सुमारास कळलं होतं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तिथली तपासलेली मीटरं कोणत्याही कूटलेखनाशिवाय बोलतात. कोणाच्या घरी माणसं आहेत आणि कोणाचं घर बंद, हे रस्त्यावरून ओळखता येत होतं. खोटा आकडाही पाठवता येत होता. युरोपातल्या प्रमाणकात १२८ बिटांच्या कूटलेखनाची सोय आहे, पण मग गाडीतल्या टॅबलेटला प्रत्येक मीटरची किल्ली, म्हणजे ते कूटलेखन उलगडणारा गुप्त आकडा, लागते. आज नव्या उपकरणावर शंभर मीटरं ‘दिसतात’ आणि एकाचाही आकडा उमटत नाही, तेव्हा बहुतेक वेळा किल्ल्यांची फाइल भरायची राहिलेली असते.

२०१५मध्ये लोरावॅनचं पहिलं प्रमाणक आणि २०१६मध्ये एनबी-आयओटी आलं (दोन्ही थोड्या विजेवर दूरवर छोटे संदेश पोचवणाऱ्या रेडिओ जाळ्यांच्या पद्धती), तेव्हापासून गाडीच्या निरोपाची भाषा सुरू आहे. उंचावर बसवलेला रिसीव्हर तासातासाला ऐकणार असेल तर फेरी कशाला? गंमत अशी की बबल-अप मीटरांना या बदलाचा फारसा त्रास झाला नाही. ती कोणाची वाट पाहत नव्हतीच. ऐकणारा गाडीत आहे की खांबावर, याचा त्यांना पत्ता नाही. अडली ती खोल चेंबरमधली, वस्तीच्या टोकाची, खांबापर्यंत आवाज न पोचणारी मीटरं. त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी सुटकेस ठेवून दिलेली असते आणि महिन्यातून एक दिवस ती कोणाच्या तरी गाडीवर चढते. २०१५च्या आसपास वीस वर्षांच्या बॅटरीसह बसवलेली मॉड्यूलं २०३५पर्यंत दर काही सेकंदांनी बोलत राहायची आहेत.