कार्ब्युरेटरचे जेट साफ करायला पंधरा मिनिटं, मग मजुरी अर्ध्या दिवसाची का?

हा प्रश्न आमच्या गॅरेजात दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, आणि तो रास्त आहे. म्हणून बिल हातात पडण्याआधीच हे पत्रक देतो आहोत.

हिरोची इम्पल्स, रॉयल एनफिल्डची 2016 ची पहिली हिमालयन किंवा बाहेरून आणलेली जुनी डर्ट बाइक, अशा कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांसाठी हे लिहिलं आहे. कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो; जेट म्हणजे त्यातले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हा धुराचा नियम लागू झाला आणि नव्या गाड्या कार्ब्युरेटर सोडून इंजेक्शनवर गेल्या. त्यांच्या मालकांनी एअर फिल्टर, टॅपेट आणि पाण्याचा भाग तेवढा वाचावा.

ऑफ-रोड गाडी उंच आणि सडपातळ असते, त्यामुळे कार्ब्युरेटरला मोकळी जागा मिळतच नाही. पुढे इंजिनकडे जाणारं मॅनिफोल्डचं रबर, मागे एअर बॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं रबर, वर टाकी, दोन्ही बाजूंना फ्रेम. बाहेर काढायचा तर बहुतेक गाड्यांवर सीट, टाकी, पेट्रोलचा पाइप, थ्रॉटल केबल आणि चोक सोडवून मग दोन्ही क्लॅम्प ढिले करावे लागतात. काही डर्ट बाइकवर सबफ्रेमचे, म्हणजे सीटखालच्या मागच्या सांगाड्याचे, वरचे बोल्ट काढून खालचे सैल करतो आणि सबफ्रेम मागे झुकवतो; एअर बॉक्स तिच्याबरोबर सरकतो आणि हात आत जातो. काही गाड्यांत क्लॅम्प ढिले करून कार्ब्युरेटर जागेवरच आडवा फिरवला की पेट्रोल साठणारी खालची वाटी खोलता येते. जिथे तसं जमतं तिथे आम्ही टाकीला हात लावत नाही, आणि मजुरीही तेवढीच कमी घेतो.

खरा कस लागतो तो परत बसवताना. मागच्या पावसाळ्यानंतर मुरबाडकडे फिरून आलेली एक गाडी आमच्याकडे आली. दुसरीकडे तीन वेळा कार्ब्युरेटर साफ करून झाला होता. गरम झाली की रेस आपोआप चढायची, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी उतरायची नाही. जेट चकचकीत होते. मॅनिफोल्डचं रबर खालच्या कडेला नीट बसलंच नव्हतं आणि फटीतून जास्तीची हवा आत जात होती. पुढच्या रबराला फट राहिली तर मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, इंजिन तापतं. मागच्या रबराला राहिली तर धूळ फिल्टरला वळसा घालून थेट पिस्टन आणि रिंगांवर जाते. हे नुकसान महिनोन्‌महिने कळत नाही आणि शेवटी सिलिंडर बोअर करायची, म्हणजे आतून कातून मोठा करायची वेळ येते. म्हणून क्लॅम्प आवळल्यावर आम्ही आरसा आणि टॉर्च घेऊन रबराची कड पूर्ण फिरून बघतो. मजुरीतला बराच वेळ इथे जातो.

घरी जेट साफ करत असाल तर त्यात तार घालू नका. पायलट जेटचं, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं आणि पितळ मऊ. भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं आणि जेट टाकून द्यावा लागतो. आत डायफ्रॅम, म्हणजे रबराचा पडदा, असलेल्या कार्ब्युरेटरवर क्लीनरचा फवारा आणि हवेचा झोत तर नकोच, ते पातळ रबर फुगतं किंवा फाटतं. वाटीचे स्क्रूही मऊ असतात. बोथट स्क्रूड्रायव्हरने माथा गेला की काम दुप्पट होतं.

तुम्ही निर्धास्तपणे करावं असं एक काम आहे. वाटीच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, पेट्रोल कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत उतरवा. तळाशी पाण्याचा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकीही तपासायला हवी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ओलीला तोटा नाही. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करूनच ठेवा. घोडबंदरच्या सोसायट्यांतून जूननंतर झाकून ठेवलेल्या गाड्या दिवाळीला आमच्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच एवढ्यावर वाचल्या असत्या.

गाडी सुरू होत नाही म्हणजे कार्ब्युरेटरच बिघडला, असं धरून चालू नका. आधी एअर फिल्टर बघा. फोमचा असेल तर रॉकेलने आणि मग साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल लावून पिळा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. कागदी फिल्टर धुऊ नका, बदला. त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट बघा. व्हॉल्व्हची फट कमी झाली की थंड इंजिन सकाळी उठत नाही आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी येतो. ही फट थंड इंजिनवरच मोजतात, त्यामुळे टॅपेटसाठी गाडी आदल्या रात्री आणून ठेवा.

ओढा ओलांडताना गाडी बंद पडली तर कार्ब्युरेटरला जोडलेले हवेचे बारीक पाइप बघा. त्यांची टोकं पाण्यात बुडाली की वाटीत पेट्रोल उतरायचं थांबतं. अशा पाइपांची एक फांदी आम्ही टाकीखाली वर नेऊन देतो. मात्र एअर बॉक्समध्येच पाणी शिरलं असेल तर स्टार्टर अजिबात दाबू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, इंजिन फिरवून पाणी बाहेर पडू द्या. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

लडाखसाठी लहान मेन जेट (थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर पेट्रोल देणारा) बसवून घेतला असेल तर परत आल्यावर मूळ जेट लावून घ्याच. तिथली हवा विरळ म्हणून तो जेट चालतो. ठाण्यात त्याच जेटवर इंजिन पेट्रोल कमी पडून तापतं.

कार्ब्युरेटरच्या कामाला येताना टाकी शक्य तितकी रिकामी असू द्या. बिघाड थंड असताना होतो की गरम झाल्यावर, आणि थ्रॉटल किती उघडल्यावर, एवढं लक्षात ठेवून सांगा. सुरुवातीला अडखळत असेल तर पायलट जेट, मधे असेल तर नीडल, म्हणजे थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी सुई, पूर्ण उघडल्यावर असेल तर मेन जेट आधी बघतो.